टेपमधले सर

मला याद्या करायची सवय आहे. किराणा, गॅसचा नंबर, न तपासलेल्या वह्या, पाहुण्यांकडं गेलेले आणि परत न आलेले डबे, प्रत्येकाला वहीत एक पान असतं. त्या वर्षी वहीच्या शेवटच्या पानावर मी नवीन यादी सुरू केली आणि वर लिहिलं, 'शंका'. पहिली ओळ होती: सहाशे वर्षांपूर्वी इंग्रज कसे बोलत होते, हे सरांना कसं ठाऊक?

हा प्रश्न मी हौसेनं विचारत नव्हते. मी मुरगूडच्या शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. आमच्याच संस्थेच्या ज्युनिअर कॉलेजातल्या इंग्रजीच्या बाई जूनमध्ये निवृत्त होणार होत्या. ती जागा आतल्याच शिक्षकाला मिळणार होती, पण एम.ए. पूर्ण पाहिजे. माझं एम.ए. सेहेचाळिसाव्या वर्षी बहिःस्थ चाललं होतं आणि सगळं होऊन एकच गोष्ट राहिली होती, ती म्हणजे मौखिक परीक्षा. सहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतल्या चाळीस ओळी, त्या काळच्या उच्चारात, बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर मोठ्यानं वाचायच्या. त्यात वेगळं पास व्हावं लागतं. आदल्या वर्षी मी मोबाईलवरची तीन रेकॉर्डिंगं ऐकून पाठ केलं होतं. परीक्षक म्हणाले, "मॅडम, तीन गावची भाषा एका ओळीत बोलताय तुम्ही." नापास. आता एप्रिलची संधी चुकली तर जागा दुसऱ्याला जाणार होती, आणि तो दुसरा कोण हेही मला माहीत होतं. आमच्या स्टाफरूममध्ये माझ्यासमोरच्याच खुर्चीवर बसतो.

जयसिंगपूरला माझी बी.एड.ची मैत्रीण आहे. ती बारा वर्षांपूर्वी हीच परीक्षा पास झालेली. ती म्हणाली, "कोल्हापुरात राजारामपुरीत एक रिटायर्ड सर आहेत. अख्ख्या जिल्ह्यात हे शिकवणारा दुसरा माणूस नाही. त्यांच्याकडं टेप आहे."

तर दर शनिवारी शाळा सुटली की मी एस.टी.नं कोल्हापूर गाठायची. हंगाम चालू होता. बिद्रीच्या कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून चालायच्या आणि मी खिडकीशी बसून तोंडातल्या तोंडात 'क्निख्त, क्निख्त' करायची. नाईट म्हणजे सरदार, त्याचा तो जुना उच्चार. सुरुवातीचा 'क' म्हणायचा, मधला 'ख'ही म्हणायचा. शेजारी बसलेल्या एका आजींनी एकदा मला आल्याचा तुकडा दिला.

सर सत्तरीचे, उंच, इस्त्रीचा शर्ट घरातही घालणारे. समोरच्या खोलीत काचेचं कपाट, त्यात भरतकामाच्या रुमालाखाली एक जुना टेपरेकॉर्डर. कॅसेट मात्र सरांच्या टेबलाच्या खणात कुलपात. शिकायला आम्ही चौघं होतो. सर रुमालाची घडी घालून बाजूला ठेवायचे, कॅसेट घालायचे, आणि म्हणायचे, "ऐका. हा माझ्या सरांचा आवाज. विलायतेत शिकून आलेले. मी यात एक अक्षर घातलेलं नाही."

मग तो आवाज यायचा. जाड, खोल, सावकाश, रांजणात तोंड घालून कुणी बोलावं तसा. हू...स म्हणजे हाउस. वी...फ म्हणजे वाइफ. ना...मअ म्हणजे नेम. एकेक ओळ संपता संपायची नाही. ओळ झाली की सर टेप थांबवायचे आणि आम्ही तशीच्या तशी म्हणायची. आम्ही दोघी बायकाही घसा दाबून तोच जाड आवाज काढायचो, कारण सर सांगायचे, "आवाजाचं वजन पण घ्या. ते त्या भाषेचं वजन आहे."

पहिल्याच दिवशी मी शंका विचारली. सर चिडले नाहीत. म्हणाले, "मॅडम, चांगला प्रश्न. त्या काळी जे शब्द ओळीच्या शेवटी जुळत होते ते आज जुळत नाहीत. म्हणजे उच्चार बदलला. शिवाय तेव्हा लोक जसं बोलायचे तसं लिहायचे. त्यावरून काढता येतं." हे पटण्यासारखं होतं. माझ्या वर्गातली मुलं नाईफला 'क्नाइफ' वाचतात आणि मी वीस वर्षं त्यांना उभं करत आले. सहाशे वर्षांपूर्वी त्यांचा पहिला 'क' बरोबर निघाला असता. तेवढ्यापुरती मला मुलांपुढं जरा लाज वाटली. पण यादीतली ओळ मी खोडली नाही. काढता येतं हे ठीक, पण यांनी काढलं कशावरून? मी मोबाईलवरची रेकॉर्डिंगं ऐकवली तर म्हणाले, "तिघं तीन तऱ्हेनं म्हणतायत. मग खरं कुणाचं?" पण मी टिपून ठेवलं की तिघांत कितीही फरक असला तरी रांजणातून कुणीच बोलत नव्हतं.

यादी वाढत गेली. सर टेपशिवाय ओळ कधीच म्हणत नसत. कॅसेटला हात लावू देत नसत. त्या विलायतेत शिकलेल्या सरांचा एक फोटो भिंतीवर नव्हता, आणि कोल्हापुरात गुरूचा फोटो न लावणारा मास्तर मी अजून पाहिलेला नाही. माझ्या बाजूला बसणाऱ्या बाईकडून कळलं की गेल्या दोन वर्षांत सरांकडची मुलं मौखिकमध्ये काठावर पास झाली किंवा गेलीच. एका परीक्षकानं तर विचारलं होतं, हे वाचन आहे की पाळणा? सरांना विचारलं तर म्हणाले, "हल्लीच्या परीक्षकांना कान नाहीत."

आणि स्वयंपाकघर. सरांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, चहा द्यायला तेवढ्या बाहेर यायच्या. पण टेप सुरू झाली की आतला मिक्सर बंद व्हायचा, भांड्यांचा आवाज बंद व्हायचा. एकदा मी पाणी प्यायला आत गेले. काकू पाठमोऱ्या, मेथी निवडत होत्या. बाहेर टेपवर एक ओळ रेंगाळत चालली होती आणि काकू पुटपुटत होत्या. मी कान दिला. टेपवरची ओळ अर्ध्यावर असताना काकूंची ओळ संपली होती.

मी पाणी न पिताच परत आले. यादीत लिहिलं, 'काकू टेपच्या पुढे.' नवऱ्याची थट्टा करतात असं वाटलं. मग वाटलं, थट्टा करायला आधी पाठ पाहिजे.

त्या रात्री जयसिंगपूरला फोन लावला. मैत्रिणीला म्हटलं, चाळीस ओळी म्हणून दाखव.

"आगं, भाजी करपंल माझी."

"गॅस बंद कर आणि म्हण."

तिनं म्हटल्या. अजून पाठ होत्या. मी मोबाईलवर वेळ लावली. दोन मिनिटं पस्तीस सेकंद. सरांच्या टेपची वेळ मी आधीच घेतली होती, तीन मिनिटं पाच सेकंद. तीच टेप, तेच सर, त्याच ओळी. "तुमच्या वेळी पण टेपमध्ये हाच जाड आवाज होता का?" मी विचारलं. ती म्हणाली, "जाड? तसा जाड न्हाय गं. शांत होता. नाटकात सूत्रधाराचा असतो तसा."

आता माझी खात्री झाली. सरांनी मधल्या काळात मूळ कॅसेट कुठंतरी घालवली असणार आणि स्वतःच घसा खरवडून नवीन भरली असणार. म्हणजे मी चार महिने एका थापेचा रियाज करत होते, आणि परीक्षेला तीन आठवडे उरले होते.

हे सगळं मी जेवताना नवऱ्याला सांगितलं. त्यांचं मुरगुडात मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. ते ऐकून घेतात, पण हात ताटातून काढत नाहीत.

"मशीन किती जुनं हाय?" त्यांनी विचारलं.

"मशीनचा काय संबंध? माणूस खोटं बोलतोय."

"आसंल की. पर मास्तरीणबाई, माझ्याकडं येणारा जो तो म्हणतो मोटर जळली. उघडून बघितलं की निम्म्या वेळा पट्टा सैल झालेला आसतो. आधी पट्टा बघ, मग माणसाला धर."

पुढच्या बुधवारी शाळेला सुट्टी होती. सर लेकीकडं गेलेत आणि शुक्रवारी येणार आहेत हे मला ठाऊक होतं. मी राजारामपुरीत गेले ते सरळ काकूंना सांगायचं ठरवूनच. दारातच म्हटलं, "काकू, टेपरेकॉर्डर दुरुस्त करून देते. मालक मोटरचंच काम करतात."

काकू माझ्याकडं बघत राहिल्या. वाटलं, आता दार लावतात. त्यांनी पदराला हात पुसले, कपाट उघडलं, रुमालासकट टेपरेकॉर्डर उचलला आणि माझ्या हातात दिला. "कॅसेट न्हाय माझ्याकडं. ती त्यांच्या कुलपात. ह्येच न्या."

"सर रागावतील."

"रागावतील की. न्या तुमी. आनि रुमाल तेवढा ठेवा हितंच, तेल लागंल."

इतक्या सहज दिल्यामुळं माझी शंका आणखी वाढली. बसमध्ये टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन मी तेच लिहिलं, 'काकूंनी का दिला?'

नवऱ्यानं संध्याकाळी दुकानात पाच स्क्रू काढून झाकण उघडलं आणि आतली रबराची बारीक पट्टी चिमटीत धरून मला दाखवली. चघळलेल्या शेवयीसारखी झाली होती. "ह्यो बघ तुझा खोटारडा. ताणून ताणून पार गेलाय. आज उद्या न्हाय, वर्सानुवर्सं जरा जरा. रोज ऐकणाऱ्याला कळायचंबी न्हाय." गावातल्या जुन्या रेडिओवाल्याकडून त्यांनी त्या मापाचा पट्टा आणला. मग माझ्या सासऱ्यांच्या भजनाची कॅसेट घालून, आवाज ओळखीचा येईपर्यंत आतला स्क्रू फिरवत बसले. सासरे जाऊन आठ वर्षं झाली. त्यांचा नेमका तो किनरा सूर लागला तशी नवऱ्यानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि कॅसेट शेवटपर्यंत चालू दिली.

शनिवारी टेपरेकॉर्डर घेऊन मी मुद्दाम तासभर आधी पोचले. सर कपाटासमोरच उभे होते. रिकाम्या जागेवर रुमाल.

"मॅडम, हे बरं केलं नाहीत."

"पट्टा सैल झाला होता सर. नवीन घातलाय. एकदा लावून बघा."

"मला न विचारता..."

"लावून बघा सर. माझी परीक्षा सोळा दिवसांवर आलीय."

त्यांनी खण उघडून कॅसेट काढली. ती आत घालायला उशीर लावला. बटण दाबलं.

खोलीत एक मुलगी बोलायला लागली. विशी-बाविशीतली, स्वच्छ, पटपट, जिना चढून आल्यासारखी जरा धापा टाकत. हूस. वीफ. नामअ. त्याच ओळी. 'क्निख्त'मधला 'ख' रांजणातून नाही, टाळूवरून चटकन निसटून जात होता. एका ओळीला ती हसू दाबत होती हेही कळत होतं. मी सवयीनं मोबाईलवर वेळ लावली होती. दोन मिनिटं दहा सेकंद.

सर टेपकडं बघत होते. स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या, हाताला पीठ.

मी सरळ विचारलं, "सर, हे कोण?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सांगा की आता," काकू म्हणाल्या. "मॅडमची परीक्षा हाय."

मग काकूच खुर्ची ओढून बसल्या आणि सांगायला लागल्या. दोघं एम.ए.ला एका वर्गात होते. त्यांना शिकवणारे सर खरोखर विलायतेत शिकून आलेले होते, तेवढं खरं. या ओळी वर्गात सगळ्यांत नीट यायच्या त्या काकूंना. म्हणून त्या सरांनी एका दुपारी स्वतःच्या टेपवर त्यांच्याकडून म्हणून घेतल्या आणि कॅसेट त्यांनाच दिली. मग या दोघांचं लग्न झालं. सर एम.ए. होऊन कॉलेजात लागले. काकूंचं दुसरं वर्ष राहिलं ते राहिलंच.

"पहिली तीन-चार वर्षं मी मुलांना खरं तेच सांगत होतो, बायकोचा आवाज म्हणून," सर म्हणाले. "मग एका बॅचमध्ये कुणीतरी विचारलं, बाई एम.ए. आहेत का? वर्ग हसला. त्या वर्षापासून मी नुसतं म्हणायला लागलो, माझ्या सरांची टेप. पुढं मुलंच 'सरांचा आवाज' म्हणायला लागली, मग मीही."

"आणि आवाज बदलत गेला ते कळलं नाही?"

"रोज ऐकत होतो. मला तोच वाटायचा."

मी काकूंकडं वळले. "तुम्हाला तरी?"

"मला कळलं की. मला वाटलं, मी म्हातारी झाले तशी तीबी झाली आसंल कॅसेटमदी." काकू हसल्या. "आनि पुढं पुढं तर पार बाप्याचाच आवाज झाला. मग म्हटलं बरंच झालं, ह्यांचं खोटं खरं झालं."

तेव्हा सर उठून आत गेले. नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ तो चालूच होता.

मी भावुक होणारी बाई नाही, आणि माझ्याकडं सोळा दिवस होते. मी वही उघडली आणि म्हटलं, "काकू, मला पहिल्यापासून म्हणायला शिकवा. रोज येते."

काकूंनी खुर्चीवर बसून शिकवलं नाही. कांदा चिरता चिरता, भाकरी थापता थापता. सरांचा नियम होता की ओळ आधी पूर्ण ऐकायची. काकू मधेच तोडायच्या. "लांबवू नका. 'वीफ' तेवढं लांब, पुढचं आखूड. सगळंच वडलं तर कळायचं कसं काय लांब हाय?" घसा दाबून म्हटलं की भाकरी थापणारा हात थांबायचा. "ह्यो रेडा कुटनं आला?" चार महिन्यांत घट्ट बसलेली ती जाड चाल काढायला आठवडा गेला. सर बाहेरच्या खोलीत पुस्तक उघडून बसायचे. पान उलटल्याचा आवाज मी एकदाही ऐकला नाही. चौथ्या दिवशी ते दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तिसाव्या ओळीत तू श्वास कुठं घेतेस, ते मॅडमना सांग." काकूंनी मान वर न करता सांगितलं.

पण माझी यादी बंद झाली नव्हती. एकदा फसलेली मी दुसऱ्यांदा डोळे मिटून कशी विश्वास ठेवणार? काकूंच्या ओळी मी मोबाईलवरच्या तिन्ही रेकॉर्डिंगांशी शब्दाशब्दानं ताडल्या. बहुतेक शब्द कुठल्या ना कुठल्या एकाशी जुळत होते. अकरा शब्द कुणाशीच जुळत नव्हते. ते लिहून नेऊन काकूंसमोर ठेवले.

त्यांनी बोटानं एकेक शब्द वाचला. "मला जसं शिकवलं तसं मी म्हणते. तुमचा भरोसा नसंल तर त्या मोबाईलवाल्याचं म्हणा."

"तसं नाही काकू."

"तसंच हाय. पर आसूदे. तपासणारं माणूस बरं आसतं. ह्यांच्याकडं एवढी पोरं येऊन गेली, कुणी मशीन उघडून बघितलं न्हाई."

परीक्षेच्या दिवशी परीक्षक बाई होत्या, माझ्याहून लहान. त्यांनी ओळींचा कागद पुढं सरकवला. मी कागदाकडं बघितलं नाही. 'ख' टाळूवर लावला, लांब ते लांब, आखूड ते आखूड, तिसाव्या ओळीआधी श्वास. अकरा शब्द मी काकूंच्या पद्धतीनं म्हणायचे की नाही हे बसमधून उतरेपर्यंत ठरवलं नव्हतं. ते आले तसे आले, काकूंचेच. संपलं तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं.

"कुणाकडं शिकलात?"

पहिल्या शनिवारपासून याचं ठरलेलं उत्तर माझ्याकडं तयार होतं. राजारामपुरीतले सर, आणि त्यांचे विलायतेत शिकलेले सर. दोन्ही नावांना वजन होतं आणि मला पास व्हायचं होतं. परीक्षक बाई वाट बघत होत्या.

"एका काकूंकडं," मी म्हटलं आणि त्यांचं नाव सांगितलं. "त्यांचं एम.ए. अर्धं राहिलंय."

बाईंनी ते नाव कागदाच्या कडेला लिहून घेतलं. का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण शेजारी दुसरे परीक्षक होते.

निकाल मेअखेर लागला. वीसपैकी चौदा. जूनमध्ये मी ज्युनिअर कॉलेजात रुजू झाले. समोरच्या खुर्चीवाल्यानं अभिनंदन केलं आणि पेढा खाल्ला नाही. मी पेढे घेऊन राजारामपुरीत गेले. कपाटात टेपरेकॉर्डर होता, त्यावर रुमाल नव्हता. नवीन बॅच बसली होती, पाच जण, आणि टेप बंद होती. काकू त्यांच्यासमोर खुर्चीवर बसल्या होत्या, हाताला पीठ नव्हतं. सरांनी माझ्याकडं बघून हळूच सांगितलं, "नवीन मुलांना पहिल्या दिवशीच सांगितलं. कुणी हसलं नाही." पेढा उचलत म्हणाले, "एकजण हसला. त्याला बाहेर काढला."

वहीचं शेवटचं पान मी त्या संध्याकाळी बसमध्ये तपासलं. बहुतेक ओळींवर रेघ मारता आली. मग खाली एक नवीन ओळ लिहिली, ती अजून तशीच आहे: सहा मार्क कुठं गेले? ते त्या अकरा शब्दांवर गेले असतील तर काकूंना सांगायचं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.